फुकट वायफायचा फॉर्म भरलास, आता आधी हे कर

मावशी,
साष्टांग नमस्कार. आम्ही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात नंदगडच्या पुढं एका खेड्यात राहतो. मालक कौलाच्या कारखान्यात आहेत, मी घरी शिलाई करते. थोरली बेळगावला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला. मालक, मी आणि थोरली असे तीन फोन. तिन्हीला २९९चा, रोज दीड जीबीचा रिचार्ज मारते. महिना भरायच्या आधीच परत "पॅक संपतोय" म्हणून मेसेज. मागच्या महिन्यात बचत गटाच्या ग्रुपवर आलं की बीपीएल कार्डवाल्यांना घरच्या वायफायवर सरकार महिन्याला ३०० रुपये सूट देतंय. मी एका ऑनलाईन सेंटरवर गेले. त्यानं १५० रुपये घेतले, आधारची झेरॉक्स घेतली, मोबाईलवर आलेला नंबर विचारला, तोही मी सांगितला. पंधरा दिवस झाले, विचारलं तर "वरून मंजुरी यायची आहे" म्हणतो. भिंतीपलीकडं जाऊबाई राहतात, त्यांचा भाऊ अमेरिकेत आहे. तो म्हणाला, तिकडं अशी सूट खरंच मिळते. आपल्याकडं बस फुकट झाली, लाईट फुकट झाली, मग हे खोटं कसं म्हणायचं? केबलवाला जोडणीचे २,००० आणि महिना ५०० सांगतोय. घ्यावं की नको? मालक म्हणतात, सगळ्यांचे फोन काढून घे, प्रश्नच मिटेल.
(नाव छापू नका.)

अगं, नाव छापत नाही. पण तुझ्यासारखी आणखी तीन पत्रं याच विषयावर पडली आहेत, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहिते.

सूट राहू दे बाजूला, आधी त्या नंबरचं बघू. मोबाईलवर आला तो ओटीपी. आधारचा ओटीपी दुसऱ्याला सांगणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणं. त्यावर तुझ्या नावानं काय काय उघडता येतं ते मोजत बसू नकोस, आज संध्याकाळी थोरली घरी आली की तिला घेऊन बस. 'संचार साथी' नावाची केंद्र सरकारची वेबसाईट आहे, तिचं ॲपही आहे. त्यात तुझा मोबाईल नंबर घातला की तुझ्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं. आपल्याकडं एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम चालतात, त्यामुळं दहावं निघेपर्यंत कुणाला शंकाही येत नाही. यादीत तुझा नसलेला नंबर दिसला तर तिथंच "हा माझा नाही" म्हणून कळवता येतं. मग आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक कर, म्हणजे तुझ्या बोटाच्या ठशाचा कुणी वापर करणार नाही. ते जमलं नाही तर आधारच्या १९४७ या नंबरवर विचार. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार ज्या खात्यात पडतात त्याचं पासबुक उद्याच्या उद्या भरून आण. एक रुपयाही आपल्या हातानं न काढता गेलेला दिसला, तर बँकेच्या आधी १९३० लाव. सायबर फसवणुकीचा तो नंबर आहे. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, आठ दिवसांनी कळवलं तर नुसती तक्रार राहते.

तो मेसेज ग्रुपवर अजून असेल. उघडून बघ, पण लिंक दाबू नकोस. माझ्याकडं जो आला त्यात वर अशोकस्तंभ, खाली तिरंगा, मध्ये "शेवटची तारीख आज", आणि लिंकच्या शेवटी "डॉट एक्सवायझेड". सरकारी वेबसाईटच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" नाहीतर "एनआयसी डॉट इन" असतं. आणि "हा मेसेज दहा जणींना पाठवा, तरच फॉर्म पूर्ण होईल" असं कुठलंही सरकार सांगत नाही. सरकारला आपला फॉर्म पूर्ण करायची एवढी घाई कधी झाली?

आता तुझा मुख्य प्रश्न. बीपीएल कुटुंबाच्या घरच्या इंटरनेट बिलातून दर महिन्याला ठराविक रक्कम कापणारी योजना केंद्राची नाही आणि कर्नाटकाचीही नाही. त्यामुळं तुझ्या सेंटरवाल्याची मंजुरी वरून येणार नाही, कारण वर त्या नावाचं काहीच नाही. दीडशे रुपये परत माग. चारचौघांत माग, म्हणजे देईल.

पण तू फसलीस यात तुझा मूर्खपणा नाही बरं का. तुझा हिशेब बरोबरच होता. २०२३च्या जूनमध्ये बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना आली आणि थोरलीचं बेळगावचं तिकीट शून्य झालं. मग गृहज्योतीची २०० युनिटपर्यंत फुकट वीज, मग गृहलक्ष्मी. एवढं सगळं खरं निघाल्यावर चौथं का खोटं मानायचं? शिवाय आपली दुसरी एक गंमत आहे. आपण बातम्या बघतो मराठी, मेसेज येतात मराठीत, त्यामुळं महाराष्ट्राच्या योजना आपल्या फोनात आधी पोचतात. लाडकी बहीण आली तेव्हा इथल्या किती बायकांनी कागद गोळा केले होते आठव. पण आपलं रेशनकार्ड कर्नाटकाचं. महाराष्ट्रानं २०२३ साली कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांसाठी महात्मा फुले आरोग्य योजना द्यायचं ठरवलं, तो आरोग्याचा एक अपवाद. बाकी "महाराष्ट्र शासन" असं वर लिहिलेला फॉर्म आला की पहिल्यांदा आपल्या आधारवरचा पत्ता बघायचा, मग पुढं वाचायचं.

जाऊबाईंचा भाऊ मात्र खोटं बोलत नाही, त्याची बातमी जुनी आहे. अमेरिकेत २०२१च्या शेवटच्या दिवशी एक योजना सुरू झाली. गरीब कुटुंबाच्या इंटरनेट बिलातून महिन्याला ३० डॉलरपर्यंत सूट, आणि तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या भागात ७५ डॉलरपर्यंत. पैसे घराच्या हातात येत नव्हते, कंपनी बिलातून तेवढे कमी करायची आणि सरकारकडून वसूल करायची. २ कोटी ३० लाखांवर घरं तिच्यात होती. मग पैसे संपले. २०२४च्या फेब्रुवारीत नवीन अर्ज बंद, आणि १ जूनला योजनाच बंद. आता तिकडं उरली आहे ती 'लाईफलाईन' नावाची जुनी योजना, १९८५पासूनची. आधी ती फोनच्या बिलासाठी होती, २०१६मध्ये इंटरनेट तिच्यात आलं. तिची सूट महिन्याला सव्वानऊ डॉलर. म्हणजे तिथंही तीसवरून सव्वानऊवर आलेत. जाऊबाईंना सांग, भावाला विचारा त्याच्या शेजारच्याचं बिल परत किती झालं.

आपल्या देशात असं काही कुणाच्या मनात आलंच नाही असं नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये ट्रायनं, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, सरकारला शिफारस केली होती. खेड्यातल्या घरानं वायफायचं बिल भरलं की त्यातले निम्मे, जास्तीत जास्त २०० रुपये, थेट खात्यावर परत द्यावेत. आधी थोड्या ठिकाणी करून बघावं. शिफारस कागदावर राहिली. केरळनं स्वतःची फायबरची कंपनी काढली, के-फोन. २०२३च्या जूनमध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात प्रत्येक मतदारसंघातली १०० म्हणून १४,००० गरीब घरांना फुकट जोडणी द्यायचं ठरलं. बोलणं मात्र २० लाख घरांचं होतं. आंध्रनं २०१७मध्ये १४९ रुपयांत फोन, टीव्ही आणि इंटरनेट एकत्र दिलं. राज्यानं मनावर घेतलं तर होतं, एवढंच यातून दिसतं. आपल्या राज्यानं अजून घेतलेलं नाही.

चल, आता तुझा हिशेब. मी वही घेऊन बसले होते, तूही घे.

२९९चा पॅक २८ दिवसांचा. त्यामुळं वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. हा तेरावा महिना कुणाच्या कॅलेंडरात नाही, फक्त रिचार्जच्या दुकानात आहे. एका फोनचे ३,८८७ आणि तिन्हीचे मिळून ११,६६१. आता विचार कर, मालकांच्या फोनवरचा रोजचा दीड जीबी कोण संपवतं? मालक कारखान्यात, फोन खिशात. संध्याकाळी आल्यावर अर्धा तास कुस्त्यांचे व्हिडिओ बघत असतील, ते तुझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर बघू देत. ट्रायनं २०२४च्या डिसेंबरमध्ये कंपन्यांना सांगितलं की ज्याला नेट नको त्याच्यासाठी नुसता बोलायचा आणि एसएमएसचा पॅक ठेवलाच पाहिजे. तो पॅक दुकानदार आपणहून दाखवत नाही, ॲपमध्येही शेवटाला कुठंतरी असतो. नाव घेऊन मागायचा: "नेट नको, नुसता व्हॉइस पॅक दे." मी माझ्या दुसऱ्या फोनला तोच मारते, ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास पडतो. वर्षाला दोन हजारांच्या आत. मालकांचा फोन त्यावर टाकलास तर वर्षाचे एकोणीसशे रुपये तिथंच वाचले, आणि कुणाचाही फोन काढून घ्यावा लागला नाही. तीस दिवसांचा पॅकही प्रत्येक कंपनीकडं असायलाच हवा, तसा नियम २०२२पासून आहे. त्याची किंमत विचार आणि दोन्ही पॅकचा एका दिवसाचा दर काढून ताडून बघ, थोरली करेल.

केबलवाल्याचं म्हणशील तर पहिला प्रश्न विचार: ५००मध्ये जीएसटी धरलाय का? नसेल तर १८ टक्क्यांनी ते ५९० होतात. वर्षाचे ७,०८०. आणि वायफाय घरात आलं तरी थोरलीला बेळगावला नेट लागणारच, तिचे ३,८८७ सुटत नाहीत. तुमचे दोघांचे फोन व्हॉइस पॅकवर टाकले तर त्यांचे चार हजार. सगळं मिळून पंधरा हजारांच्या जवळ जातं, वर जोडणीचे २,०००. म्हणजे आजच्यापेक्षा तीन हजारांवर जास्त. एकट्या घरासाठी आत्ता घेऊ नकोस, हे माझं स्पष्ट मत.

पण जाऊबाई भिंतीपलीकडं आहेत ना? बिल निम्मं निम्मं केलंत तर तुझा वाटा महिन्याला २९५ येतो. मग तुझ्या घरचा वर्षाचा खर्च साडेअकरा हजारांच्या आतच राहतो, आजच्याएवढाच, आणि नेट मात्र भरपूर. धाकट्याचा अभ्यास, तुझे ब्लाउजच्या मागच्या गळ्याचे व्हिडिओ, सगळं मावतं. (गळ्याचं डिझाईन बघताना व्हिडिओ तीनदा मागं न्यावा लागतो, मला माहीत आहे. दीड जीबी त्यातच जातो.) मोडेम दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला लावून घ्या, कपाटाच्या मागं किंवा देवघराच्या कोनाड्यात नको. दगडी नाहीतर जाड मातीची भिंत असेल तर रेंज अडते, आधी मोडेम तिथं ठेवून दोन्हीकडं फोनवर बघा आणि मगच खिळा ठोका. पासवर्ड दोन घरांच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. जोडणी ज्याच्या नावावर, त्यावरून काही वावगं झालं तर पोलीस त्याच्या दारात येतात. शेजारची पोरं ओट्यावर बसून पासवर्ड मागतील, तेव्हा वाईटपणा घ्यायची तयारी ठेव.

केबलवाल्याला आणखी तीन-चार गोष्टी विचार आणि पैसे द्यायच्या आधी कागदावर लिहून घे. २,०००मध्ये मोडेम आपला होतो की त्याचाच राहतो? सोडलं तर डिपॉझिट किती परत? तार तुटली तर किती दिवसांत जोडणार, आणि त्या दिवसांचं बिल कापणार का? माझ्याकडं एका पावसाळ्यात फांदी पडून तार तुटली. अकरा दिवस नेट नव्हतं, आणि बिल पूर्ण महिन्याचं आलं. वर कधी न मागितलेला सिनेमांचा पॅक शंभर रुपयांचा. मी फोनवर भांडत बसले आणि सगळं वाऱ्यावर गेलं. शहाणपण नंतर सुचलं: कस्टमर केअरला फोन केला की तक्रारीचा नंबर मागून वहीत लिहायचा. त्या नंबरावर काही झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं. त्याला एक पैसा लागत नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. नंबर दिल्यावर माझे पैसे पुढच्या बिलात वळते झाले. सिनेमांचा पॅकही गेला, नातवंडं मात्र नाराज झाली.

खानापूरच्या बाजूला पावसात काय होतं ते मी तुला सांगायला नको. लाईट गेली की मोडेम बंद, फायबर कितीही चांगली असली तरी. मोडेमला लावायचा छोटा यूपीएस हजार-बाराशेला मिळतो, तीन-चार तास काढतो. तो घेणार नसाल तर जोडणी दसऱ्यानंतरच घ्या. पावसाळ्याचं बिल कशाला भरायचं?

आणि केबलवाल्याला हो म्हणायच्या आधी ग्रामपंचायतीत एक चक्कर मार. केंद्राच्या भारतनेटची फायबर पंचायतीपर्यंत आली असेल तर तिच्यावरून घरोघरी जोडणी देणारा एखादा 'उद्यमी' तुमच्या भागात आहे का ते विचार. त्याचा दर आणि केबलवाल्याचा दर समोरासमोर ठेव. नुसतं "तो कमी घेतो म्हणे" एवढं म्हटलं तरी केबलवाला जोडणीचे २,००० खाली आणतो, हा माझा अनुभव.

पंचायतीत गेल्यावर ग्रंथालयात डोकाव. त्याला आता 'अरिवु केंद्र' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी तिथं कॉम्प्युटर आणि नेट असतं, पोरांना पैसे पडत नाहीत. धाकट्याला एसएसएलसीच्या मागच्या प्रश्नपत्रिका तिथं बसून बघता येतील. कुलूप दिसलं तर वेळ काय ते विचार आणि त्या वेळेला परत जा. दोनदा कुलूपच दिसलं तर पीडीओंना सांग. आता पीडीओ म्हणजे आपले पंचायतीचे अधिकारी हं. कारण केंद्राची 'पीएम-वाणी' नावाची आणखी एक योजना आहे, २०२०पासूनची, तिच्यातही 'पीडीओ' आहे, पण तिथं पीडीओ म्हणजे वायफाय विकणारं दुकान. किराणावाला, चहावाला कुणीही लायसन्स न काढता आपल्या दुकानात वायफाय ठेवू शकतो आणि थोड्या रुपयांत तासाचं, दिवसाचं नेट देऊ शकतो. तुझ्या बचत गटाला दुकान असेल तर हे डोक्यात ठेवा. तुम्हीच का सुरू करू नये?

राहिलं सूट मागायचं. फॉर्म खोटा होता म्हणून मागणं खोटं होत नाही. आपण रिचार्ज मारतो त्या पैशातून कंपन्या आपल्या महसुलाचे ५ टक्के सरकारच्या एका निधीत भरतात. तो खेड्यापाड्यांत सेवा पोचवण्यासाठीच आहे. आता त्याला 'डिजिटल भारत निधी' म्हणतात, आणि २०२४च्या त्याच्या नियमांत बायका, अपंग आणि दुबळे घटक यांचा उल्लेख स्पष्ट आहे. बचत गटाच्या ठरावाच्या वहीत अर्ध्या पानाचा ठराव घ्या: आमच्या गावात बीपीएल घरं इतकी, मोबाईलवर महिन्याला खर्च इतका, ट्रायच्या २०२१च्या शिफारशीप्रमाणे सूट सुरू करावी. एक प्रत खासदारांना, एक ग्रामसभेत. मराठीत लिहिलंत तरी चालतं. घटनेच्या ३५०व्या कलमात आहे, गाऱ्हाणं मांडणारा अर्ज देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. टेबलावरचा कुणी "कन्नडात आणा" म्हणाला तर वाद घालू नका, कलमाचा नंबर अर्जावर लिहून ठेवा, आणि झेरॉक्सवर पोच घेतल्याशिवाय उठू नका. थोरलीला कन्नड येत असेलच, ती खाली चार ओळींचा सारांश लिहील, म्हणजे कामही लवकर होईल. खरा सरकारी अर्ज भरायचा असेल तेव्हा राज्य सरकारच्या ग्राम वन सेवा केंद्रात जा, आणि दिलेल्या पैशाची पावती माग.

ते दीडशे रुपये परत मिळाले का ते कळव. आणि ग्रुपवर तो मेसेज कुणी टाकला होता तिच्यावर चिडू नकोस, तिनंही भरला असेल फॉर्म. तिलाही आज संध्याकाळी बोलाव, दोघींचे सिम एकदमच तपासून होतील.

तुझी,
मावशी